डावीकडचं हॉटेल, उजवीकडचं हॉटेल

विनिपेग शहराच्या सहलीचं ठरलं तेव्हा चर्चच्या तळघरात बारा बायका बटाट्याच्या पिरोग्या, म्हणजे उकडायच्या करंज्या, भरत होत्या. ठरवणारी लेस्या, मंडळाची नवी चिटणीस. गावात येऊन तिला दोनच वर्षं झालेली, त्यामुळे कुणाला काय विचारू नये हे तिला अजून कळत नव्हतं.

"चाळीस जणांची बस. जुनं रेल्वे स्टेशन, कॅथेड्रलची जळकी भिंत, नद्यांचा संगम, सगळं बघायचं," ती म्हणाली. "आणि दोकियामावशी सगळ्यात पुढे बसणार. माइक घेऊन. आपल्यात विनिपेग पाहिलेल्या त्याच एकट्या."

"आणि मी काय तिकडे कोंबड्या हाकायला गेले होते?" पलीकडून पाराश्का म्हणाली.

दोकियाच्या हातातली पिरोगी फुटली. पाराश्कामुळे नव्हे. माइकमुळे.

एकावन्न वर्षांपूर्वी, लग्न झाल्या झाल्या, नवरा वासिल तिला विनिपेग दाखवायला घेऊन निघाला होता. वाटेत नीपावा गावात ट्रकनं मान टाकली. सुटा भाग यायला तीन दिवस लागले, तोवर गाईंच्या धारा काढायला शेजाऱ्यांनी दिलेले दिवस संपले आणि दोघं तिथूनच घरी फिरली. येताना दोकियानं औषधाच्या दुकानातून विनिपेगचं एक चित्रकार्ड घेतलं. सासूनं दारातच विचारलं, "कसं आहे गं विनिपेग?" नव्या सुनेनं काय सांगायचं? कार्डावर होतं ते सांगितलं. तेव्हापासून गावात विनिपेग म्हटलं की दोकिया. मुलं, नातवंडं, पाद्री, सगळे तिलाच विचारायचे. वासिल बिचारा गप्प बसायचा, आणि पुढे गप्पच मेला.

"स्टेशनापाशी मोठं हॉटेल आहे, डावीकडे," ती आता ठसक्यात म्हणाली.

"उजवीकडे," पाराश्का म्हणाली.

हा वाद तीस वर्षांचा. लग्नात, मयतात, आंबवायच्या कोबीच्या पिंपाशी, कुठेही उकरून निघायचा.

"मग दोघी वाटून घ्या ना माइक," लेस्या म्हणाली.

"ती चुकीचं सांगणार आणि मी काय टाळ्या वाजवू?"

दुसऱ्या दिवशी दोकियाचा गुडघा दुखायला लागला. लेस्यानं बसला जोडायची लाकडी पायरी करून घेतली. मग दोकियाला कोंबड्यांची काळजी पडली. शेजारीण म्हणाली, "दोन दिवस मी बघते, तुम्ही खुशाल जा." मग दोकियाला दम लागायला लागला. गावातली नर्स म्हणाली, "मीही येतेच आहे, तुमच्या शेजारीच बसते." या गावात माणसाला धड आजारीसुद्धा पडू देत नाहीत. संध्याकाळपर्यंत दोकियाच्या ओट्यावर शेजारणींनी आणून ठेवलेली चार भांडी जमली, चारहीत तीच भात भरलेली कोबीची पानं.

शुक्रवारी बैठकीला बसचा ड्रायव्हर व्हर्न आला. कमी बोलणारा माणूस. त्यानं कॉफी घेतली, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "बस कुठे उभी करायची तेवढं ठरवू. ते हॉटेल स्टेशनच्या उत्तरेला की दक्षिणेला?"

दोकियानं तळघराच्या छताकडे पाहिलं.

या गावात टेबलावरची मिठाची बाटली कुणी उजवीकडे सरकवत नाही. "जरा पश्चिमेला कर" म्हणतात. दात काढायला गेलेला म्हातारासुद्धा डॉक्टरला उत्तरेकडची दाढ दाखवतो. डावं-उजवं तोच म्हणतो, जो त्या जागी कधी उभा राहिलेला नसतो.

"तेव्हा ढग होते, सूर्यच दिसला नाही," दोकिया म्हणाली.

"दाट ढग," पाराश्का म्हणाली.

तीस वर्षांत पाराश्कानं तिच्या शब्दाला दुजोरा दिला तो पहिल्यांदा. बायकांनी माना वर केल्या. व्हर्ननं दोघींकडे पाहिलं, "असतील, असतील," म्हणाला आणि आणखी कॉफी घेतली.

बैठक उठल्यावर दोघी मोरीशी भांडी विसळत राहिल्या.

"तू ढगांचं का बोललीस गं?" दोकियानं विचारलं.

"तू का बोललीस?"

दोकियानं पातेलं पालथं घातलं. "आमचा ट्रक नीपावाला बंद पडला होता."

"माझी बस नीपावाहून मला सोडून गेली," पाराश्का म्हणाली. "मी कापड बघायला उतरले होते. दोन रात्री तिथल्या पाद्र्याच्या घरी काढल्या. घरी कुठल्या तोंडानं सांगणार? दुकानातून एक कार्ड घेतलं."

"औषधाच्या दुकानातून? हिरव्या दाराच्या?"

"तेच. दोनच प्रकारची कार्डं होती मेल्याकडे."

"माझ्या कार्डावर स्टेशन समोरून आहे."

"माझ्या कार्डावर स्टेशनच्या पायऱ्यांवरून दिसणारा रस्ता आहे."

दोघींनी एकमेकींकडे पाठ करून पाहिलं, मग तोंड करून पाहिलं. एकीच्या डावीकडचं दुसरीच्या उजवीकडे गेलं.

"म्हणजे आपण दोघी बरोबर होतो?" पाराश्का म्हणाली.

"घरी बसून! आणि तीस वर्षं तू मला खोटं पाडलंस."

"तू पण. आता त्या पोरीला काय सांगायचं?"

"ते माझ्यावर सोड," दोकिया म्हणाली आणि हात पुसले.

जुलैत बस निघाली. माइक दोकियाच्या हातात, शेजारी पाराश्का. नर्सला मागे पाठवलं होतं. नीपावा आलं तशी दोकियानं बस थांबवायला लावली. चाळीस माणसं उतरली. गॅरेजची भिंत दाखवून झाली, पाद्र्याचं घर दाखवून झालं, औषधाच्या दुकानाचं दार आता पांढरं का, यावर मालकाला जाब विचारून झाला. कुठल्या झाडाची सावली किती वाजता पूर्वेला पडते तेसुद्धा दोकियानं बिनचूक सांगितलं. इतकी चांगली माहिती मंडळाला आजवर कुठल्याच सहलीत मिळाली नव्हती.

"मावशी, अडीच तास झाले," लेस्या रडकुंडीला आली. "विनिपेग राहिलंय!"

"ते कुठे पळून जातंय?" दोकिया म्हणाली.

विनिपेगात शिरताना तिनं माइक व्हर्नच्या हातात दिला. "आम्हीच किती वर्षं सांगायचं? आता तू सांग."

मग तिनं आणि पाराश्कानं एकाच खिडकीला नाकं लावली. बस वळली, स्टेशन आलं, आणि त्याच्या समोरच्या रस्त्यावर ते हॉटेल दिसलं. व्हर्ननं माइक तोंडाशी नेला.

"उत्तरेला," दोघी एकदमच म्हणाल्या.