मास्तरांचा रिकामा अर्धा तास

दरवर्षी रंगपंचमीला, अंगावरचा रंग धुऊन झाला की, बरोबर चार वाजता किशनराव मास्तर काहीच सुरू करत नाहीत. आणि ते काहीच नसलेलं बरोबर साडेचारला संपवतात.

थट्टा नाही. आमच्या चारठाण्याच्या जुन्या देवळाच्या मंडपात मास्तर वर्षातून एकदा गाण्याची बैठक भरवतात. कधी नांदेडचे गवई येतात, कधी परभणीच्या बाई. चारला मास्तर यंत्रातला तंबोरा सुरू करतात, धुतलेली पांढरी चादर अंथरतात, समोर गाव बसतं आणि चादरीवर कोणीच बसत नाही. अर्धा तास नुसता तंबोरा. नवखा माणूस विचारतो, "गवई यायचेत का अजून?" मास्तर मनगटावरच्या घड्याळावर बोट टकटक करतात. "वेळ म्हंजे वेळ."

गणिताचे मास्तर. त्यांना 'का' विचारायची सोय नाही. कोणी म्हणायचं, देवासाठी जागा ठेवतात. कोणी म्हणायचं, डोक्यात गेलंय. मी म्हणायची, "मास्तर आमा बायकांची सोय बघतेत. तेवढ्यात आमच्या वाती वळून होतेत." खरंच, त्या अर्ध्या तासात मी आजवर किती समया पेटतील एवढ्या वाती वळल्या असतील. माझा हा विनोद गावात लय चालला. चालवलाही मीच.

मास्तरांचं दुसरं वेड पेटीचं. बैठकीच्या आधी ते आपली पेटी मांडीवर घेऊन एस.टी.नं परभणीला जातात, सूर लावून आणतात आणि मंडपाच्या कोपऱ्यात झाकून ठेवतात. ती वाजवत कोणी नाही. गवयांच्या पेट्या गवयांबरोबर येतात. आमचा ओटा आणि त्यांचा ओटा समोरासमोर, मध्ये गल्ली. मी ओट्यावरून विचारायची, "मास्तर, न वाजवलेली पेटी बिघडती कशी हो?"

"बिघडती, वहिनी. पेटीचं काय सांगता येत न्हाई."

त्या पेटीची बदनामी मीच केली होती, हे आता सांगायला हरकत नाही. पहिली बैठक झाली तेव्हा मी विशीतली नवी सून. माहेरी गाण्याच्या दोन परीक्षा दिलेल्या, त्यामुळं पाय जमिनीवर नव्हते. नाकात नथ, अंबाड्यावर अबोली आणि तोंडावर असा भाव, की चारठाण्यानं आता धन्य व्हावं. गायला मी, पेटीला मास्तर. त्यांनी सूर दिला, तर मी म्हणाले, "दोन पट्ट्या वर द्या."

"वहिनी, वर जड जाईल," ते हळूच म्हणाले.

मी कशाला ऐकते? पाचव्या मिनिटाला वरच्या षड्जावर आवाज असा फाटला, की शिखरावरची कबुतरं उडाली. समोर सासूबाई. मी पेटीकडं रागानं बघितलं, "पेटीच बिघडलीय," म्हणाले आणि तरातरा उतरून गेले. सासूबाईंनी ते वाक्य घरोघर पोचवलं. पुढं भजनातही मास्तरांना कोणी पेटीला बसू देईना. मास्तर एका शब्दानं बोलले नाहीत. मी परत गायले नाही आणि खरंही सांगितलं नाही. आधी भीतीनं, मग सवयीनं.

आणि मग करोना आला. पहिल्या वर्षी चादर धुऊन दोरीवर घातली आणि बैठकीवर बंदी आली. दुसऱ्या वर्षी देवळं उघडली होती, पण बैठक होणार की नाही हे रोज बदलायचं. गंगाधर, आमचा पोलीस पाटील, तालुक्याचा निरोप घेऊन यायचा. मास्तर दारात उभे राहून त्याच्या चपलांच्या आवाजावरून निकाल ओळखायला बघायचे.

सोमवारी गंगाधर म्हणाला, "शंभर माणसं चालतेत." गुरुवारी म्हणाला, "पन्नास." पुढच्या सोमवारी, "पन्नास, पर दोनच तास. सहाला मंडप रिकामा." नांदेडच्या गवयांनी आधी "येतो" म्हणून कळवलं, मग "बघतो" म्हणाले. मग फोन त्यांची सून उचलायला लागली आणि बाबा कायम झोपलेले असायचे.

मास्तर हटले नाहीत. मंडपात दोरी धरून सहा-सहा फुटांवर खडूची वर्तुळं काढली. अडतीसच बसली. उरलेले बारा जण खांबांच्या आड बसवावेत का, यावर दोन दिवस वहीत गणित चाललं. पेटीच्या भात्याला त्यांनी स्वतःच्या हातानं मास्क शिवला. "हवा आत घेती, बाहीर सोडती. नियम समद्यांला सारखा."

मी हसले, पण हसू माझ्याही मास्कच्या बाहेर आलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली दोन माणसं दवाखान्यात गेली होती. एकच परत आला. मास्तरांची साखर वाढलेली, मोतीबिंदूचं ऑपरेशन वर्षभर लांबलेलं. मुलगा पुण्याहून फोनवर ओरडायचा, "बाबा, घरात बसा." मास्तर "बरं बरं" म्हणून फोन ठेवायचे आणि खडू घेऊन देवळात जायचे.

एकदा ओट्यावरून म्हणाले, "वहिनी, सलग दोन वर्सं खाडा पडला, तर तिसऱ्याला कोण मांडतंय? मी तरी असंल का?"

मी हातातली वळलेली वात उगाच परत वळायला घेतली.

बैठक आठ दिवसांवर आली तेव्हा गंगाधर फॉर्म घेऊन आला. "कोन गानार, किती ते किती, समदं नावानिशी लिवायचं. साथीदार बी. आन् मास्तर, तेवढा रिकामा अर्धा तास काढा. दोन तासांत अर्धा तास मोकळा दिसला तर साहेब इचारतील, हितं चाललंय काय?"

"न्हाई निघत."

"मास्तर, समदं गाव तुमाला समजावायलंय."

"अर्धा तास न्हाई, तर बैठक न्हाई."

गंगाधर माझ्याकडं वळला. "काकू, तुमी तरी सांगा. तुमचं ऐकतेत."

आणि मी, गावातली शहाणी बाई, म्हणाले, "मास्तर, कशाला हट्ट करता? त्या मोकळ्या चादरीपायी सगळी बैठक घालवता का? कोण बसतंय हो तिथं?"

मास्तरांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. फॉर्म न्यायला संध्याकाळी येतो म्हणून गंगाधर गेला.

मास्तरांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून फॉर्म मी भरणार होते. अंगणवाडीत रजिस्टरं लिहून माझं अक्षर घोटलेलं. ओट्याच्या दोन टोकांना दोघं बसलो. गावाचं नाव झालं, देवळाचं झालं.

"चार ते साडेचार," मी म्हणाले. "इथं काय लिहू?"

मास्तरांनी घड्याळ काढलं, पुसलं, परत बांधलं. "लिवा की."

"अहो, नाव सांगाल तेव्हा लिहीन ना."

"अंगणवाडीत एवढ्या लेकरांची नावं लिवली, वहिनी. सोताचं नाव लिवता येत न्हाई का?"

मी वर बघितलं. ते गल्लीकडं बघत होते.

"तुमचं गाणं अर्ध्या तासाचं ठरलं व्हतं. पाच मिनिटांत उठून गेलात. कवातरी येऊन पुरं करताल, म्हणून जागा ठिवली. बाकी काई न्हाई."

चाळीस वर्षांहून जास्त झाली होती. एवढी वर्षं मी माझ्याच गाण्याला बसून वाती वळत होते.

"साथीला कोण?" मी विचारलं.

"मी. पेटी लावून आणलीय."

मी माझं नाव लिहिलं. घोटलेलं अक्षर त्या ओळीपुरतं पहिलीतल्या पोरीचं झालं.

पुढचे आठ दिवस मी चोरून गात होते. मिक्सर सुरू करायचा आणि त्याच्या आवाजात सा लावायचा. घरात इतकी शेंगदाण्याची चटणी झाली, की सुनेला शंका यायला लागली. पण खरी भीती गाण्याची नव्हती. पन्नास माणसांसमोर आधी एक वाक्य बोलायचं मी ठरवलं होतं, त्याची होती. म्हणून बंदी यावी असं रोज सकाळी वाटायचं आणि गंगाधरच्या चपला वाजल्या की, देवा, बंदी नको, असं वाटायचं.

रंगपंचमीच्या दिवशी दुपारी चपला वाजल्या. फार सावकाश.

"मास्तर, रद्द. आजपासून समदं बंद."

"बरं," मास्तर म्हणाले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. रडणाऱ्या माणसाला समजावता येतं. "बरं" म्हणणाऱ्याचं काय करायचं? मी ओट्यावर कापूस घेऊन बसले आणि त्या दाराकडं बघत राहिले. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

बरोबर चारला दार उघडलं. मास्तर धुतलेली चादर घेऊन आले, माझ्या ओट्याच्या कडेला ठेवली, मागं सरले आणि आपल्या ओट्यावर जाऊन बसले. यंत्रातला तंबोरा लावला. पेटीवरचं फडकं काढलं. मग तिचा मास्क काढला आणि घडी करून खिशात ठेवला.

मला पाच मिनिटं उठता येईना. तंबोरा चाललेला. शेवटी मी चादर पसरली, तिच्यावर बसले आणि गल्लीतल्या सगळ्या बंद दारांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "मास्तर, तेव्हा पेटी चांगली होती. आवाज माझा फाटला. मी खोटं बोलले."

मास्तरांची बोटं पट्ट्यांवर होती, ती तिथंच राहिली.

"ठावं हाय. वाजवणाऱ्याला कळत न्हाई व्हय?"

"मग दरसाल परभणीला कशाला नेत होतात?"

"तुमी समद्या गावाला सांगितलं व्हतं, पेटी बिघडली म्हणून. मग दुरुस्तीला न्यावीच लागती की. न्हाईतर लोक तुमाला काय म्हणले असते?"

कुठंतरी खिडकीची कडी वाजली. मी नाकावरचा मास्क काढून डोळे पुसले.

मास्तरांनी मनगट पार डोळ्यांजवळ नेलं. "चार वाजून अकरा. एकोणीस मिनिटं हायेत तुमच्याकडं. वेळ म्हंजे वेळ."

आणि त्यांनी सूर दिला. पहिल्या बैठकीत दिला होता, तोच. या वेळी मी वरचा मागितला नाही.