घरगुती सोय

"पाटी माझ्यावर सोपवा!" रंगनाथरावांनी जाहीर केलं. नारायण पेठेत पाटी लिहिणं म्हणजे पोरखेळ नव्हे. पण रंगनाथरावांची उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. लोकांच्या लग्नपत्रिकेतल्या वेलांट्या ते मांडवात उभे राहून दुरुस्त करत!

पाटी हवी होती सुनेसाठी. तेजस्विनीची आयटीतली नोकरी गेली होती आणि आता बंगळूरच्या एका कंपनीचं बोलावणं आलं होतं. ती गेली की मागोमाग मुलगा रणजित जाणार, आणि दोघांबरोबर अर्थातच चार वर्षांची सोनू. नातीशिवाय घर कसं दिसेल, हे मनात आलं की रंगनाथरावांच्या घशाखाली चहा उतरत नसे. तेजस्विनी म्हणाली होती, "बाबा, त्यांना कळवायला थोडा वेळ आहे. तोवर घरी सॉय कँडल्स करून बघते. पक्की गिऱ्हाइकं मिळाली तर इथंच राहू." त्या क्षणापासून रंगनाथरावांनी मेणबत्तीला वाहून घेतलं.

सुरुवात झोकात झाली. सोयाबीनचं मेण आलं, वाती आल्या, मोगऱ्याचं सुगंधी तेल आलं. तेजस्विनी व्हिडिओ बघून मेण वितळवायची, आणि आज आपलं कुठलं पातेलं गेलं, हे तिच्या सासूबाई, कौशल्याबाई, स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायच्या. पहिल्या मेणबत्तीला मधोमध खड्डा पडला. दुसरीची वात आतच बुडाली. तिसरी मात्र अशी जमली, की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, "वर कुणाचं लग्न आहे का?"

"पाटीवर 'सॉय कँडल' लिहा, बाबा."

"कँडल? माझ्या दारावर? आणि सॉय कसलं? सोय! सरळ मराठी शब्द दिसतोय."

"बरं, पण मेणबत्ती नका लिहू हं. लाइट गेल्यासारखं वाटतं!"

शेवटी तोडगा निघाला. तो शब्दच गाळायचा आणि त्या जागी ग्लासातल्या मेणबत्तीचं चित्र काढायचं. पेंटरनं ग्लास झकास काढला, पण त्याचा पिवळा रंग संपलेला. त्यामुळे वरची ज्योत करडी आणि जरा नागमोडी झाली. पाटी झळकली: 'घरगुती सोय. शुद्ध शाकाहारी. बेल एकदाच वाजवावी.' मेण सोयाबीनचं म्हणून शाकाहारी, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती!

दुसऱ्याच दिवशी बेल वाजली, एकदाच. दारात पाठीला सॅक लावलेला एक उंच पोरगा उभा होता.

"काका, मी बद्रीनाथ. परभणीचा हाय, इथं क्लासला आलोय. पाटी बघितली. सोय हाय ना?"

"आहे. उत्तम आहे."

"मला महिन्याची लावायची हाय. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही टाइम."

रंगनाथराव हरखले. "जरूर लावा! फक्त एका वेळी तीन तासांच्या वर नको."

"तीन तास कोण बसतंय, काका! माझं वीस मिनिटांत उरकतं."

पोरगा काटकसरी दिसतो, असं रंगनाथरावांना वाटलं.

"तेलकट नसतं ना? मागच्या ठिकाणी लई जळजळ व्हायची."

"छे! धूरसुद्धा नाही. सगळं सोयाबीनचं."

"रोज सोयाबीन?" बद्रीनाथ जरा खचला. "बरं, चालंल. डब्यात मिळतं का?"

"डब्यात घ्या, ग्लासात घ्या. म्हणाल त्यात ओतून देऊ."

"पातळ असतं का मग?"

"आधी पातळ, मग घट्ट होतं."

"आमच्या आईच्या पिठल्यासारखं!" बद्रीनाथचं समाधान झालं. "रूमवरचे आम्ही आठ जण हाव. उद्या संध्याकाळपासून सुरू करतो."

रंगनाथराव घरात आले ते नाचतच! "आठ गिऱ्हाइकं! महिन्याची! दोन वेळची!"

"रोज दोन वेळा?" कौशल्याबाई म्हणाल्या. "पोरं पुण्यात शिकायला आलीत की दिवे लावायला?"

तेजस्विनीलाही शंका आली, पण रंगनाथरावांनी सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिनं बंगळूरला नकार कळवून टाकला आणि मेण चढवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ पोरं आली. त्यांनी चपला ओळीनं काढल्या, हात धुतले आणि ती जमिनीवर रांगेत मांडी घालून बसली. शिस्तीचं गिऱ्हाईक बघून रंगनाथराव गहिवरले. तेजस्विनीनं प्रत्येकापुढे एकेक मेणबत्ती ठेवली. पोरं एकमेकांकडे बघू लागली. बद्रीनाथनं वाकून आपल्या पुढ्यातली हुंगली.

"वहिनी, सजावट झ्याक हाय. पण जेवायला काय हाय?"

रंगनाथराव तडक बाहेर गेले आणि त्यांनी पाटी वाचली. घरगुती सोय. शुद्ध शाकाहारी. खाली वाफाळता ग्लास! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बंगळूरला नकार गेला होता, आणि तो गेला होता आठ उपाशी पोरांच्या भरवशावर. तेजस्विनी आता उद्या सकाळी फोन करणार, चूक झाली म्हणून सांगणार आणि सोनूला घेऊन निघणार!

"तेजू, मी घोळ घातला गं," ते आत येऊन पुटपुटले. "यांना मेस लावायची होती."

तेजस्विनीनं सासऱ्यांकडे बघितलं, मेणबत्त्यांपुढे बसलेल्या पंगतीकडे बघितलं, आणि हसता हसता ती खालीच बसली.

"हसून झालं असेल तर कांदे चिर," कौशल्याबाई आतून म्हणाल्या. त्यांनी केव्हाच कुकर लावला होता. "पोरं भुकेली आहेत."

पिठलं-भातावर पोरं तुटून पडली. हात चाटत बद्रीनाथनं विचारलं, "वहिनी, उद्या काय हाय?"

रंगनाथरावांचा घास हातातच राहिला.

"उद्या?" तेजस्विनीनं जरा विचार केला. "उद्या मटकीची उसळ करू."

उद्या! म्हणजे ही राहतेय! रंगनाथरावांचे डोळे भरून आले. ठसका लागल्याचं दाखवून ते घटाघटा पाणी प्यायले.

"मटकी आधी भिजत घालावी लागते," कौशल्याबाई म्हणाल्या. "व्हिडिओत सांगतात का ते?"

"मी घालतो!" रंगनाथराव उठलेच. आनंदाच्या भरात हाताला लागलं ते सगळ्यात मोठं पातेलं त्यांनी ओढलं आणि नळाखाली धरलं.

सकाळी कौशल्याबाईंनी झाकण काढलं. मटकी टम्म फुगली होती. वर मेणाची पांढरी साय तरंगत होती आणि मोगऱ्याचा घमघमाट सुटला होता.

"अहो," त्यांनी शांतपणे विचारलं, "हिला आता फोडणी देऊ की वात लावू?"