पडद्यामागचे बाबा

सुरतेतल्या साऱ्या नवागामात आपल्याइतका धीराचा माणूस नाही, असं भिवाचं ठाम मत होतं आणि ते तो कुणी न विचारताही सांगायचा. चौऱ्याण्णव साली गणपती बुडाले आणि सुरतेत प्लेग आला. कापड विणणारे लूम बंद पडले. निम्मी गल्ली घरांना कुलपं ठोकून गावाकडे निघून गेली. उरलेल्यांसमोर भिवा ओट्यावर पाय पसरून म्हणाला, "उंदराला भिऊन पळणारा मी नव्हे. मी इथं आहे तोवर कुणी घाबरायचं नाही."

त्याच्या या शब्दावर शेजारचा लोटू बायकापोरांसह थांबला. समोरची एकटी म्हातारी शांताबाईही बांधलेली वळकटी सोडून बसली.

खरी गोष्ट वेगळी होती. भिवा थांबला होता आजारी पोपटासाठी. पोपटाचं नाव मुकादम. भिवाच्या वडिलांनी तो पाळला होता. वडील खोकून खोकून गेले, पण त्यांचा खोकला मुकादमानं जपून ठेवला. रोज सकाळी तो आधी खोकायचा, मग थेट वडिलांच्या आवाजात "जयभीम" म्हणायचा. भिवाची आई सोनाबाई त्याला "जयभीम" म्हणून उत्तर द्यायची आणि मगच चहाचं आधण ठेवायची. आता मुकादम पिसं फुगवून बसला होता. खोकला नाही, जयभीम नाही, आणि सोनाबाईचा चहाही रोज उशिरा होऊ लागला होता.

उधन्याच्या गुरांच्या डॉक्टरनं टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून चिमूटभर पाण्यातून द्यायला सांगितली होती. "मध्येच बंद केलंस तर पक्षी गेला समज," असंही बजावलं होतं. आणि नेमकं तेच औषध प्लेगवर चालतं म्हणून शहरातल्या दुकानांतून बघता बघता दिसेनासं झालं. मुकादमाची कॅप्सूल संपली, कोर्स अर्धा राहिला.

अशात महापालिकेची नर्सबेन दारोदार औषध वाटत आली. तोंडाला फडकं, डोळे तारवटलेले.

"घर में कितने जन?"

"मैं, ये मेरी बीवी विशाखा, माँ नल पर गई है." भिवा थांबला. माणसं मरत असताना पोपटासाठी औषध मागायचं कोणत्या तोंडानं? "और... बाबा. अंदर सोये हैं."

विशाखानं नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथंच खरं बोलला असता. पण परक्या बाईसमोर घरची लाज कशी काढायची म्हणून तिनं तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं.

नर्सबेन कॅप्सूल मोजू लागली आणि पडद्यामागून खोकला आला. खोल, ओला, छातीच्या तळातून निघालेला. इतक्या दिवसांनी मुकादमाला उतार पडला होता. भिवाला आनंदानं नाचावंसं वाटलं.

नर्सबेन दोन पावलं मागे सरकली. "बुखार है? कब से?"

"नहीं नहीं, वो तो... पुरानी आदत है."

"कोई अंदर मत जाना," असं म्हणून ती फोन करायला कोपऱ्यावरच्या दुकानाकडे धावलीच.

आता सांगावं, असं भिवाला वाटलं, तोवर लोटू दारात आला. "काय व्हयनं, भाऊ?" आतून पुन्हा खोकला. मुकादम कधीचा मुका झालेला, तेव्हा हा माणसाचाच, असं लोटूनं धरलं. लोटू पुढचं काही न ऐकता वळला. डाळ चुलीवर तशीच ठेवून त्यानं पोरं उचलली आणि उधना स्टेशनचा रस्ता धरला. त्याच्या मागून शांताबाई पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन निघाली. जाता जाता ती एवढंच म्हणाली, "तुझ्या शब्दावर राहिले होते रे, भिवा." तेव्हा तर सांगायलाच हवं होतं. पण भिवानं पडदाच आणखी नीट ओढून घेतला.

पांढरी गाडी आली. स्ट्रेचर घेऊन दोघं उतरले, मागोमाग नर्सबेनही आली. त्याच वेळी सोनाबाई हंडा घेऊन नळावरून परतली.

"कुणाला नेताय?"

"बाबा को, माँजी."

"कुणाच्या बाबाला?"

शेवटी विशाखानंच पडदा सारला. पिंजऱ्यातून मुकादमानं साऱ्यांकडे एकेका डोळ्यानं पाहिलं आणि म्हणाला, "जयभीम."

सोनाबाईच्या काखेतला हंडा डचमळला. "अरे, तुझा बाप गेला तेव्हा माझ्या कपाळाचं कुंकू मीच पुसलं. आणि तू त्याला पिंजऱ्यात घालून बसलास?"

स्ट्रेचरवाला हसला. नर्सबेन मात्र हसली नाही. ती उंबऱ्यावर बसली, तोंडावरचं फडकं काढलं. फार लहान होती ती. "भाई, ये गाड़ी किसी सचमुच के बीमार के काम आती," ती म्हणाली. "और मैंने सुबह से चाय भी नहीं पी."

तिनं ओरडून चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भिवाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सोनाबाईनं चहा ठेवला. नर्सबेन तो प्यायली, उठली, आणि जाताना एक पुडी पिंजऱ्यावर ठेवून म्हणाली, "कोर्स पूरा करना. दूध मत देना, दवा का असर जाता है."

भिवा स्टेशनवर पळत गेला. त्या गर्दीत "तो पोपट होता, पोपट!" असं ओरडत फिरणाऱ्या माणसाकडे लोक त्याला दुसराच कसला रोग झाला असावा तसे बघत होते. शांताबाई पेटीवर बसलेली सापडली. पेटी आपल्या डोक्यावर घेऊन तो तिला परत घेऊन आला. लोटूची गाडी मात्र सुटली होती, आणि त्याची डाळ करपून कोळसा झाली होती.

दिवाळीनंतर लोटू परतला. शांताबाईनं त्याला सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. भरल्या गल्लीत त्यानं विचारलं, "भिवाभाऊ, तुना बाप कसा शे?"

तेव्हापासून भिवा लूमवर निघाला की प्रत्येक ओट्यावरून तोच प्रश्न. धीराच्या गोष्टी बंद झाल्या. मान खाली घालून तो झपाझप चालायचा. एकदा मात्र त्याला फारच झोंबलं. उलटून काहीतरी बोलावं म्हणून तो वळला, तोच घरातून दणदणीत खोकला आला, मागोमाग "जयभीम", आणि मागोमाग सोनाबाईचा आवाज:

"बाप ठणठणीत आहे म्हणावं. मुलाचंच काही खरं नाही."