गाडीला हवा कमी पडली तेव्हा

इंजिनाचा आवाज ऐकून मी गाडीच्या पोटात काय दुखतंय ते सांगतो! पुतण्या राहुलच्या साक्षगंधापर्यंत, म्हणजे साखरपुड्यापर्यंत तरी माझा तसा ठाम समज होता. म्हणूनच नवरदेवाला बालाघाटहून लांजीला न्यायचा मान मी हट्टाने मागून घेतला. दादा-वहिनी पाहुण्यांसोबत बसने पुढे गेले. माझ्या डिझेलच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये राहुल, माझी बायको नूतन, जिजाबाई आत्या आणि मुलीकडे द्यायचा अनारशांचा डबा!

किरनापूर मागे पडलं आणि स्टिअरिंगसमोर पिवळा दिवा लागला. इंजिनाला हवा कमी पडतेय, असा इशारा. पाठोपाठ गाडीतलं बळच गेलं. पाय दाबावा तर नुसती कण्हायची. एक बैलबंडी आम्हाला मागे टाकून गेली, बैलांनी वळून पाहिलंसुद्धा!

"अजी, मिस्तरीले फोन करा न," नूतन म्हणाली.

"मिस्तरी कायले? मी आहो न!"

बॉनेट उघडलं. हवा गाळणाऱ्या फिल्टरचा डबा खोलला, तर आत उंदराने संसार थाटलेला! परसातलं भाताचं तणस, सुतळी आणि नूतनच्या ब्लाउजची कधीची हरवलेली बाही!

"सापडला रोग!" मी ओरडलो. घरटं उपसलं, फिल्टर झटकून आत्याच्या हातात दिला आणि हवेची नळी पुसायला पुन्हा डोकं आत घातलं.

डोकं वर काढतो तर आत्या रस्त्यालगतच्या नहरेच्या काठावर! फिल्टर पाण्यात बुडवून खळाखळा धूत होती!

"आत्या! कागदाचा आहे तो!"

"कागदाचा?" आत्या चकित. "तुया बाबाच्या जीपमंधी जाळी राहे. तो खोलून दे, मी राकेलात धुवो. मले काय मालूम, आता कागदाच्या गाड्या निंगाल्या म्हणून!"

फिल्टर पळसाच्या झुडपावर वाळत घातला. नवरदेव शेरवानीवरच्या शेल्याने त्याला वारा घालू लागला. तेवढ्यात दादाचा फोन.

"पापा, गाड़ी को हवा नहीं मिल रही!" राहुल ओरडला आणि फोन कटला.

ऊन चढलं. पोटं कुरकुरू लागली. आत्याने सरळ अनारशांचा डबा उघडला.

"आत्याबाई, ते पोरीच्या घरी द्याचे होत!" नूतन कळवळली.

"पोरगी आपल्याच घरी येऊन राह्यली. खा!"

झाडाखाली बसून आम्ही खाल्ले. आत्या सांगत गेली, बाबांची जीप बिरशाच्या रस्त्यावर कशी कशी बंद पडायची. मला आठवलं, आम्ही पोरं तर ती बंद पडावी म्हणून देव पाण्यात घालायचो! बाबा कोपरापर्यंत काळे, तोंडाने गोष्टी सुरू, आई चटणी-भाकर वाढतेय, आणि जायची घाई कोणालाच नाही.

"तू बॉनेटमंधी वाकला न राजू," आत्या म्हणाली, "त मले घडीभर माया दादाच दिसला, तुया बाबा."

मी फिल्टर वाळला का ते पाहायला उठलो. वाळला नव्हता. पण उठणं भाग होतं, डोळे भरून आले होते.

अखेर फिल्टर वाळला. बसवला. गाडी गरजली, दिवा विझला! आत्याने माझी दृष्ट काढली.

लांजीला पोचलो तेव्हा साक्षगंधाआधीच पहिली पंगत उठली होती. नूतनने रिकामा डबा पदराखाली लपवला. मुलीचे आजोबा, दादाजी, हात जोडून सामोरे आले.

"काहून उशीर झाला, ते फोनवरून समजलं आम्हाले. तुम्ही बसा, चिंता करू नका!"

काय समजलं, ते विचारायचं राहून गेलं. साक्षगंध झकास झालं. निघताना पाहतो तर दादाजी पंप घेऊन घामाघूम!

"हवाच कमी होती न? भरली! चारही चाकात, जेवढी मावली तेवढी!"

एवढ्या मायेने भरलेली हवा त्यांच्यासमोर सोडणार कशी? निघालो. चाकं दगडासारखी टणक! पहिल्याच खड्ड्यात आत्याचं डोकं टपाला लागलं.

"राजू," मागून आवाज आला, "तुले हवा पायजे होती, भेटली. आता थोडी काढ न रे बाबू!"