३६८ वजनाचा पदार्थ

संगणकाच्या पडद्यावर ३६८ या आकड्यापाशी एक उंचच उंच रेघ उभी राहिली आणि टेकचंद खुर्चीसकट मागे कोसळला. पडल्या पडल्याच ओरडला, "सापडलं!"

भंडाऱ्याच्या कॉलेजात कोसा रेशमाच्या अळीवर संशोधन करता करता त्याचे केस पिकायला लागले होते. ऐनाचा पाला पचवताना अळीच्या पोटातली एन्झाइमं काय काय तयार करतात, हा त्याचा विषय. पोटातला रस शिशांत भरून मुंबईला धाडायचा, तिथलं यंत्र एकेका रेणूचं वजन करणार, आणि त्या आकड्यांतून ओळखीचे रेणू वगळून अनोळखी तेवढे दाखवायचं काम टेकचंदनं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामचं. एक जरी नवा पदार्थ मिळाला, तर पीएचडी पदरात पडणार होती. एरवी त्याचे गाइड कृष्णराव सहीचं नाव काढलं की हवापाण्यावर बोलू लागत.

त्यानं प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला. रेघ काही हटेना! ऑफिसातल्या भैय्यालालनं बातमी पानठेल्यावर सांगितली. ती शेजारच्या कारधा गावाला पोचेपर्यंत अळीच्या पोटातून सोनं निघू लागलं होतं. प्राचार्यांनी हार मागवले, बँड ठरवला.

कृष्णराव नागपूरहून मिळेल त्या एस.टी.नं आले आणि टेकचंदच्या घरात शिरताच त्याला कडकडून भेटले.

"अबे, हाच तर माझा 'कृष्णीन'! याच अळीत, माझ्या प्रयोगशाळेत मी शोधला तेव्हा सारे हसले. मंग जगात कोणालेच सापडला नाही. तुले सापडला!" त्यांचे डोळे भरून आले.

टेकचंदची आई गोदावरीबाई चहा घेऊन आली. "सापडनारच होता, सर. दसऱ्याले मी मागाची पूजा केली, तशी यानं घरी आणून ठेवलेल्या शिशांची बी केली. एवढ्या दूर मुंबईले जाऊन राहिल्या होत्या बिचाऱ्या."

"वा, माय!"

"हळद बाहेरून लावली तं पुसून जाये. म्हून बुचं उघडून आतून लावली."

टेकचंदनं हळदीतल्या रंगद्रव्याचा कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन मनातल्या मनात जोडला. बेरीज आली ३६८. गेली पीएचडी! आणि नेमका तेव्हाच दारात बँड वाजायला लागला.

"सर," तो कसाबसा म्हणाला, "हळद आहे जी ते."

"काहीतरीच! माझ्या प्रयोगशाळेत कोणाची माय येऊन राहिली हळद लावाले?" कृष्णराव गरजले. मग एकाएकी त्यांचा आवाज बसला. "दसऱ्याले... आमची घरवाली रुखमिणी येते पूजेले. किल्ली मीच देतो."

बाहेर बँडनं दुसरं गाणं धरलं.

"टेकचंद," अखेर कृष्णराव हळूच म्हणाले, "तुझा प्रोग्राम मात्र झकास आहे. त्यानं हळद बी सोडली नाही. प्रबंध त्याच्यावरच लिही. आण कोरा कागद. सही आताच करतो."

"आणि कृष्णीनचं काय लिहू, सर?"

"कोण कृष्णीन?" सही ठोकत कृष्णराव म्हणाले. "काय गरमी आहे बा यंदा भंडाऱ्यात!"