ठिपक्यांआड सदूराव

"दोष काढायला शाळा लागत नाय!" दहिवलीच्या सुंदराबाईंनी पदर खोचत जाहीर केलं. "चाळीस वर्षं अख्ख्या आळीच्या भाकऱ्यांत काढतेय. तुजा फारम किस झाड की पत्ती!"

सुनेचं, समीक्षाचं, तोंड मात्र सुकलेल्या वांग्यासारखं झालं होतं. वेबसाइटवरचे फॉर्म तपासून चुका शोधायची तिची घरबसल्या नोकरी. तीन महिन्यांत एकही चूक सापडली नव्हती. आज पाचपर्यंत सापडली नाही, तर नोकरी गेली! लॅपटॉपच्या कॉलवर साहेब बसलेले, तिच्या मोबाईलचा स्क्रीन त्यांना दिसत होता. पाचाला दहाच मिनिटं कमी!

"पासवर्डाचा चौकोन राहिलाय, आई. आठ अक्षरं घातली, चौसष्ट घातली. चालतंय सगळं मेलं!"

"पासवर्ड म्हंजे?"

"कुणाला सांगायचं नसतं असं काहीतरी. लिहिलं की नुसते ठिपके दिसतात."

सुंदराबाईंचे डोळे लकाकले. नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्याहून मोठं गुपित कोणतं? त्यांनी मोबाईल हिसकावला, बोलून लिहायचा माईक दाबला आणि कोपऱ्यात जाऊन पुटपुटायला लागल्या. नाव घ्यायचं तर उखाणा अख्खा हवा! लग्नातला झाला, डोहाळजेवणातला झाला, शेवटी स्वतः रचलेला, आजवर कुणालाच न ऐकवलेला! ठिपके रांगोळीसारखे पसरले.

"बस झालं, आई!"

"गप गं!" म्हणत त्यांनी बटण दाबलं.

लाल अक्षरं उगवली: 'तुमचा पासवर्ड फार लांब आहे.' आणि खाली तिन्ही उखाणे, उघडेबोडके!

साहेबांनी शेवटचा खणखणीत वाचला, "पळसदरीच्या धरणावर पाखरं बसली बारा, सदूराव घोरतात तेव्हा हलतो गोठा सारा!"

"अगं बाई! माजी अब्रू!" सुंदराबाई पदरात तोंड लपवून मटकन बसल्या.

समीक्षा मात्र टुणकन उडाली. "साहेब, पासवर्ड उघडा पडला! चूक सापडली!"

"मोठीच चूक! नोकरी पक्की!"

सुनेने सासूला करकचून मिठी मारली.

"ढिली सोड गं!" सुंदराबाईंनी डोळे पुसले. "सांगितलं नव्हतं? माज्या हातून दोष सुटत नाय!"

तासाभराने निरोप आला. चूक दुरुस्त झाली होती, तेच लिहून पुन्हा तपासायचं होतं.

ओटीवरून सदूरावांचा दुखावलेला आवाज आला, "ए, या टायमाला घोरणं वगळ गं!"