दगड चाटणाऱ्या ठकूमावशी

ठकूमावशी दगड चाटतात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं तुम्ही म्हणाल की हा माणूस मुद्द्याची गोष्ट लपवून बसला होता. रस्त्यावरचा, बांधावरचा, जो दगड त्यांना संशयास्पद वाटेल तो त्या उचलतात, पदरानं पुसतात आणि त्याच्यावरून जीभ फिरवतात. दगड ओला झाला की आपली नक्षी दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी पाणी चालणार नाही का, असं मी एकदा विचारलं होतं.

"पाणी बाटलीत ऱ्हातंय, जीभ तोंडात ऱ्हाती," त्या म्हणाल्या.

आमच्या कॉलेजात मी हेडक्लार्क आणि मावशी भूगर्भशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट. मूळच्या पिशोरच्या, शिक्षण सातवी. त्या विभागाच्या काचेच्या कपाटांत कच्छातून आणलेले, समुद्रातल्या प्राण्यांचे जीवाश्म होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले आणि दगड होऊन बसलेले जीव. प्राध्यापक पुस्तक उघडून ते ओळखायचे, मावशी नुसत्या हातानं ओळखायच्या. फक्त नावं त्यांची स्वतःची. वेटोळं घातलेला शंख म्हणजे चकली. दोन शिंपल्यांची मिटलेली जोडी म्हणजे करंजी. पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल असलेला गोल, चपटा जीव म्हणजे अनारसा. बिचारी पोरं तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांसमोर "चकली" म्हणून मोकळी व्हायची आणि मार्क घालवून बसायची.

मावशींना त्याचं सोयरसुतक नव्हतं. "दगड खोटं बोलत नाय, चिठ्ठी बोलती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून कपाटातल्या चिठ्ठ्यांवर त्या कधी विसंबल्या नाहीत. प्रत्येक दगडाच्या पोटावर त्यांनी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता आणि ठिपक्यावर काळ्या शाईनं आकडा. एक ते एकशे सत्त्याऐंशी, सगळे आकडे त्यांच्या हातचे.

मावशी निवृत्त झाल्या, मग पोरं मिळेनात म्हणून तो विभागही बंद झाला. त्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत.

गेल्या हिवाळ्यात चिकलठाण्यापलीकडच्या एका बंद खदानीत प्लॉट पाडायचं काम निघालं. जेसीबीच्या दाताखाली एक गोल दगड आला, अर्धा सिमेंटात माखलेला, वर पाच पाकळ्यांचं फूल. दुपारपर्यंत त्याचा फोटो गावभर फिरला. आपल्याकडं एके काळी समुद्र होता म्हणे. जिथं नळाच्या पाण्याची आठवडाभर वाट बघावी लागते, त्या गावाला अशा बातमीनं किती गुदगुल्या होतात ते बाहेरच्यांना कळायचं नाही. मी स्वतः तो फोटो चार ग्रुपवर पाठवला आणि एका ग्रुपवर तर खाली "अभिमान वाटतो" असंही लिहिलं.

मावशींना स्कूटरवर बसवून खदानीत मीच नेलं. जेसीबीवाल्या शेखभाईंनी तो दगड रुमालात बांधून ठेवला होता. मावशींनी रुमाल सोडला आणि जमलेल्या पंधरा-वीस माणसांसमोर दगड चाटला. शेखभाईंनी हळूच तोंड फिरवलं.

"अनारसा. कच्छातला. इथला नाय."

लोकांना ते रुचलं नाही. हाताशी आलेला समुद्र चालला होता. मावशींनी सगळ्यांना समजावून सांगितलं की आपला काळा पाषाण जमिनीच्या पोटातून उकळत आलेला, त्यात समुद्राचं जनावर सापडायचं नाही. एका गृहस्थांनी विचारलं, बाई, तुम्ही प्रोफेसर आहात का? मावशी म्हणाल्या, नाही, मी कपाटं पुसायची. मग कच्छचा दगड खदानीत काय चालत आला का, असं म्हणून ते गृहस्थ हसले आणि बाकीचेही हसले.

मावशी हसल्या नाहीत. तो प्रश्न त्यांना मनापासून पटला होता. दगड घरी नेऊन गोधडी शिवायच्या दाभणानं चार दिवस त्या सिमेंट टोकरत बसल्या. पाचव्या दिवशी सकाळी ऑफिसात आल्या. एरवी दारातूनच खणखणीत जय भीम घालणाऱ्या मावशी त्या दिवशी थेट आत आल्या. माझ्या टेबलावर त्यांनी दगड पालथा ठेवला. त्याच्या पोटावर पांढरा ठिपका होता आणि ठिपक्यावर आकडा, त्रेसष्ट.

कॉम्प्युटरसाठी खोली रिकामी करताना कंत्राटदारानं मला विचारलं होतं, साहेब, कपाटातल्या दगडांचं काय करू? मी यादीत लिहिलं, "दगड, निरुपयोगी." खाली सही, सहीखाली शिक्का. फुटक्या फरश्या, सिमेंट आणि मावशींचे एकशे सत्त्याऐंशी जीव एकाच ट्रॅक्टरमधून गेले. कुठं गेले हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. दगड खदानीत टाकले, यात त्या कंत्राटदाराला तरी वावगं काय वाटणार?

"मावशी, ते माझ्याच हातून..." मी सुरुवात केली.

"ठावं हाय. आत्ताच यादीचा कागद बघून आले मी. सही लई सुबक हाय तुमची, भाऊसाहेब." त्यांनी दगड पदरात घेतला. "उद्या सात वाजता खदानीत या. जुने कपडे घाला."

खदान भरून बुजवायला आठ दिवस उरले होते. मी रजा टाकली, अर्जात कारण लिहिलं घरगुती. मावशी घमेलं आणि वाळूची चाळणी घेऊन राडारोड्यात बसायच्या, दगड धरून दाभण चालवायच्या आणि आकडा दिसला की त्या दगडाला रागवायच्या. कुठं होतास रं इतके दिवस, म्हणायच्या. मला मात्र त्या एका शब्दानं रागावल्या नाहीत, आणि तेच मला जड जात होतं. तिसऱ्या दिवसापासून शेखभाई जेसीबीचं बकेट आजारी माणसाला उचलावं तसं हळू उचलू लागले. "मौसी, करंजी!" असं वरूनच सांगायचे, आणि खरोखर करंजी असायची.

संध्याकाळी सगळा माल मी मावशींच्या दोन खोल्यांत पोचवायचो. मांडणीवरची भांडी खाली आली होती आणि चकल्या वर बसल्या होत्या. नवरा जाऊन कैक वर्षं झाली, मूलबाळ नाही. परत निघताना प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, आता घर भरल्यासारखं वाटतंय.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत, काही अख्खे तर काही तुकड्यांत, सगळे दगड हाती लागले. राहिला एक. नंबर एक. एवढे मिळाले, एक गेला तर गेला, असं मी बोलून गेलो. मावशी चाळणी बाजूला ठेवून खाली बसल्या.

"बहात्तरच्या दुष्काळात मी धा वर्साची होते," त्या म्हणाल्या. "आईसंगं खडी फोडायला जायची. दिसभर दगड फोडायचा, रातीला हात उघडायचा नाय. पुढं कालिजात लागले, तर पहिल्याच दिवशी सरांनी एक चकली हातावर ठिवली. म्हणले, ठकूबाई, हा फोडायचा नाय, जपायचा." त्यांनी तळहात उघडून माझ्यापुढं धरला. "तवर दगड म्हंजी फोडायचीच वस्तू, आसं वाटायचं मला. तोच एक नंबर, भाऊसाहेब."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. वर शेखभाईंचा फोन वाजायला लागला. "मौसी, सेठ का फोन आरा," ते म्हणाले. मग त्यांनी इंजिन बंद केलं, फोनही बंद केला. "कल सुबह भरता मैं."

मावशी उठल्या आणि चाळणी घेऊन पुन्हा बसल्या. मी पलीकडच्या ढिगाकडं गेलो. सिमेंटात माखलेला, मुठीएवढा एक दगड उचलला. पाण्याची बाटली स्कूटरला राहिली होती. मी इकडं-तिकडं पाहिलं, रुमालानं दगड पुसला आणि त्याच्यावरून जीभ फिरवली.

तो नव्हता. मी दुसरा उचलला.